पेट्रोलवरची साखळी-करवत : चालू करण्यापूर्वीची सिद्धता

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने करवतीवर लेख लिहावा याचे आपल्या सभासद बंधूंपैकी कित्येकांस नवल वाटेल. स्मरणिकेत आमच्याकडून बाजारभाव, साठवण किंवा बारदान यांविषयी चार शब्द यावेत अशीच अपेक्षा असणार. परंतु गेल्या काही वर्षांत बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत आणि घाटाखाली गोव्यातही आपल्या सभासदांच्या शेतांवर, बागायतींत व वखारींच्या आवारांत पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत मोठ्या संख्येने आली आहे. पूर्वी झाड पडले म्हणजे कुऱ्हाडवाले बोलवावे लागत आणि दोन दिवस मोडत. आता पाच-सात हजार रुपयांत घरपोच यंत्र मिळते, आणि ते ज्याच्या हाती द्यावयाचे तो बहुधा आपला हमाल किंवा शेतावरचा गडी असतो. त्याने असले यंत्र पूर्वी कधी हाताळलेले नसते. सोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती खोक्यातच राहते. यामुळेच हा विषय आम्हांस आपल्या कुटुंबांच्या व आपल्या पदरी काम करणाऱ्या माणसांच्या हिताचा वाटला.

उभे झाड कसे पाडावे हा या लेखाचा विषय नव्हे. ते शिकलेल्या कसबी माणसाचे काम आहे, आणि त्यास परवानगीही लागते. कर्नाटकात १९७६ चा व गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा कायदा आहे. पावसाळ्यात कोसळलेला गुलमोहर, वखारीच्या पत्र्यावर आडवी झालेली निलगिरीची फांदी, मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात व कोकणात जशी जागोजाग झाडे उन्मळून पडली तशी पडझड, एवढ्याच कामासाठी आपणांस हे यंत्र लागते. त्या कामापूर्वी यंत्र कसे तपासावे, कसे जुळवावे आणि मागाहून कसे राखावे, इतकेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राची घडण पाहू. एक लहान दुटप्पी इंजिन, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यापुढे लांबट पोलादी पाते, ज्यास बाजारात बार म्हणतात. आणि त्या पात्याच्या कडेच्या खाचेतून फिरणारी दातांची साखळी. जर्मनीतील आन्द्रेयास श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी अशी करवत काढली आणि १९२९ साली पेट्रोलवरची. तथापि आज जी साखळी सर्वत्र वापरली जाते तिचा दात अमेरिकेतील ओरेगन प्रांतात जो कॉक्स नामक लाकूडतोड्याने शोधून काढला. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती डावीउजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती. त्यावरून त्याने डावे व उजवे दात एकाआड एक बसविण्याची युक्ती केली. एवढ्याशा जीवाकडून मनुष्याने हे घेतले, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. असो.

पूर्ण वेगात ही साखळी सेकंदास सुमारे २० मीटर धावते. एवढ्या वेगाच्या वस्तूपासून मुख्य भय एकच नव्हे, पण सर्वांत मोठे एक आहे, त्यास आपण उसळी म्हणू. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग फिरत्या साखळीसह एखाद्या कठीण वस्तूस लागला की दात तेथे अडकतो आणि सर्व जोर उलटा फिरतो. पाते क्षणार्धात वर उडून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा खांद्याकडे येते. मनुष्यास हात मागे घेण्यासही वेळ मिळत नाही. आमच्या पेठेत काही वर्षांपूर्वी एका आवारात पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडताना पात्याचे टोक पलीकडच्या दडलेल्या फांदीस लागले आणि हमालाच्या खांद्यास मोठी जखम झाली. दैवाने मान वाचली. मागाहून यंत्र पाहिले तो पुढचा ब्रेक तारेने मागे बांधून टाकलेला! तो ‘सारखा लागतो, काम अडते’ म्हणून मालकानेच बांधावयास सांगितले होते. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला हे खरे. पण तो मनुष्य आज ५० किलोचे पोते पाठीवर घेऊ शकत नाही, आणि हमालाचे सारे भांडवल त्याची पाठच असते.

म्हणून आरंभ ब्रेकपासूनच करावा. पुढच्या मुठीच्या समोर जो उभा प्लॅस्टिकचा पंजा असतो तो केवळ हातास आडोसा नव्हे, तो ब्रेकचा खटका आहे. पुढे ढकलला की साखळी थांबते. मागे ओढला की मोकळी होते. उसळी आली असता तो मनगटाच्या धक्क्याने लागतो, आणि बहुतेक यंत्रांत नुसत्या झटक्यानेही आपोआप लागतो. तो तपासण्याच्या दोन रीती आहेत. इंजिन बंद असता ब्रेक मोकळा करून यंत्र एखाद्या बुंध्यावर सुमारे एक वीत-दीड वीत उंच धरावे, पुढची मूठ सोडून द्यावी आणि मागची मूठ हातात ठेवून पात्याचे टोक बुंध्यावर पडू द्यावे. त्या आघाताने ब्रेक लागला पाहिजे. दुसरी रीत इंजिन चालू असतानाची : यंत्र सपाट व घट्ट जमिनीवर ठेवून, दोन्ही मुठी धरून, साखळी कशासही लागत नाही हे पाहून पूर्ण रेस द्यावी आणि डावा हात मुठीवरून न काढता मनगटाने पंजा पुढे ढकलावा. साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. लागलीच रेस सोडावी, नाहीतर क्लच जळतो. साखळी थांबावयास वेळ घेत असेल तर ब्रेकच्या पट्ट्यात भुसा व तेल साचले असेल किंवा पट्टा झिजला असेल. तशा स्थितीत यंत्र दुरुस्तीस द्यावे. त्या दिवशी काम राहिले तरी चालेल.

याच वेळी आणखी तीन गोष्टी बोटाने पाहून घ्याव्यात. मागच्या मुठीवर तळहाताने दाबला जाणारा खटका असतो. तो दाबल्याखेरीज रेसचा घोडा हलता कामा नये. बंद करण्याचे बटण खरोखर इंजिन बंद करते की नाही हे पाहावे. कित्येक जुन्या यंत्रांत ते मोडलेले असते आणि मंडळी चोक ओढून इंजिन बंद करतात. आणि पात्याच्या मुळाशी खालच्या बाजूस साखळी अडविणारी एक खुंटी असते, ती तुटलेली नसावी. साखळी तुटली वा निसटली तर तिचा फटका उजव्या हातास न बसता त्या खुंटीवर अडतो. मुठी आणि इंजिन यांमधील रबर किंवा स्प्रिंगा फाटल्या-तुटल्या असतील तर त्याही बदलाव्यात. हादऱ्यांनी बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार वर्षानुवर्षे असले काम करणाऱ्यांस जडतो.

आता इंधन. येथे आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण यंत्रे नादुरुस्त होतात त्यांत इंधनाच्या हयगयीचा वाटा फार मोठा असतो, आणि हे गणित व्यापाऱ्याच्या हातचे आहे. या इंजिनात वेगळे इंजिन-ऑइल घालण्याची सोय नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच आतील पिस्टनास वंगण देते. नुसते पेट्रोल घातले तर इंजिन थोड्याच वेळात आवळून बसते. मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. नामांकित कंपन्यांच्या यंत्रांस चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक तेलासह ५० भाग पेट्रोल व १ भाग तेल असे प्रमाण बहुधा असते. स्वस्त यंत्रांस २५ किंवा ४० भागांस १ भाग असे सांगितलेले आढळते. म्हणजे १ लिटर पेट्रोलास अनुक्रमे २० मिलिलिटर, ४० मिलिलिटर व २५ मिलिलिटर तेल झाले. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतण्याची जी पद्धत आहे ती सर्वस्वी त्याज्य होय. औषधाच्या बाटलीसोबत येते तसले खुणा असलेले माप दहा रुपयांत मिळते. आपण पाव किलो जिरे तोलताना काटा पाहतो, मग येथे अंदाज कशाला? तेल कमी पडले तर पिस्टन जातो. अधिक झाले तर धूर होतो, प्लगवर काजळी धरते आणि सायलेन्सर चोंदतो. मोटारीचे साधे इंजिन-ऑइल यात घालू नये.

मिश्रण टाकीत करू नये; स्वच्छ डब्यात करावे. प्रथम निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात सर्व तेल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा चांगले हलवावे. टाकीत ओतण्यापूर्वी प्रत्येक वेळी डबा हलवावा. डब्यावर काय आहे, कोणत्या प्रमाणात आहे आणि कोणत्या तारखेस केले हे ठळक अक्षरांत लिहून चिकटवावे. पाण्याच्या बाटलीत पेट्रोलचे मिश्रण ठेवणे हा तर सरळसरळ अपघातास दिलेला निमंत्रणविडा आहे.

तारीख लिहावयाचे कारण असे की हे मिश्रण टिकत नाही. महिन्याभराच्या आत संपेल एवढेच करावे. आज आपल्या पंपांवरील साध्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील दमट पाणी ओढून घेते. आणि बेळगावच्या पावसाळ्यात, त्याहून गोव्यात, दमटपणास काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलापासून फुटून तळाशी बसतात. टाकीतील इंधन ओढणारी नळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनात वंगणाचे तेल नसलेला तो तळाचा थर जातो. शिवाय कार्ब्युरेटरमधील पातळ पडदे व रबरी नळ्या इथेनॉलने कडक होतात किंवा फुगतात. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे म्हटलेले असते. याकरिता यंत्र घेतानाच दुकानदारास हा प्रश्न स्पष्ट विचारावा, पेट्रोल थोडे व ताजे आणावे, आणि काम संपल्यावर टाकीत काही शिल्लक ठेवू नये.

टाकी भरताना इंजिन बंद करून थोडे निवू द्यावे. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेते. भरण्यापूर्वी झाकणाभोवतीचा भुसा पुसावा, नरसाळे वापरावे, सांडलेले पुसून काढावे आणि भरल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊनच यंत्र चालू करावे. आपल्या वखारींच्या दृष्टीने विशेष सांगणे हे की वखारीच्या आत ही टाकी भरूही नये व यंत्र चालूही करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. सायंकाळी आपण गादीजवळ दिवा-उदबत्ती लावतो, भोवती बारदानाचे गठ्ठे असतात, हवेत धान्याची धूळ असते. शिवाय इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि त्यास वास नसतो, तेव्हा दारे लावलेल्या जागेत तो कळतही नाही.

दुसरी टाकी साखळीच्या तेलाची. कित्येकांस ही दोन तेले वेगळी आहेत हेच ठाऊक नसते. टू-स्ट्रोक तेल इंजिनासाठी. साखळीचे तेल पात्याच्या खाचेतील घर्षण कमी करण्यासाठी, आणि ते चिकट असावे लागते, नाहीतर टोकाशी वळताना उडून जाते. गॅरेजमधील काळे वापरलेले तेल फुकट मिळते म्हणून घालणारे पुष्कळ आहेत. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप व पाते दोन्ही खातो, आणि ते कातडीस व मातीसही वाईट. यंत्र भरताना दोन्ही टाक्या एकदमच भराव्यात. पेट्रोलची टाकी रिकामी होईपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपावयास हवी. ती भरलेलीच राहिली तर तेल साखळीपर्यंत पोचत नाही असे समजावे. खात्री करण्यास जुने वर्तमानपत्र जमिनीवर पसरावे, पात्याचे टोक त्यावर एक वीत अंतरावर धरून साधारण पाऊण रेस द्यावी. मिनिटभरात कागदावर तेलाच्या शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास पात्यावरील तेलाचे भोक व खाच साफ करावी. बहुतेक वेळा तेथेच भुसा दाटलेला असतो.

साखळीचा ताण हे रोजचे काम. इंजिन बंद, साखळी थंड, हातात कातडी मोजे आणि ब्रेक मोकळा, कारण ब्रेक लागला असता साखळी हातांनी फिरत नाही. पात्याच्या मुळाशी एक किंवा दोन नट असतात ते पान्याने सैल करावेत. पात्याचे टोक हाताने वर उचलून धरावे आणि पेचकसाने ताणाचा स्क्रू इतका फिरवावा की खालची साखळी लोंबकळत न राहता पात्याच्या कडेस नुकती टेकेल. टोक तसेच उचललेले ठेवून नट आवळावेत. यानंतर साखळी हाताने पात्यावरून ओढून पाहावी. ती सहज सरकली पाहिजे, पण मधोमध खाली लोंबता कामा नये. सैल साखळी खाचेतून निसटते. फार ताणलेली पात्यास व इंजिनाच्या बेअरिंगांस खाते. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात बरीच सैल पडते, तेव्हा ती पुन्हापुन्हा तपासावी. गरम साखळी लांबते. ती ताणून घेतली असेल तर काम संपताच सैल करावी, कारण थंड होताना ती आखडते आणि अवघा ताण इंजिनाच्या दांड्यावर येतो. साखळी नव्याने चढविताना तिची दिशाही पाहावी. पात्याच्या वरच्या कडेवरील दातांची धार टोकाच्या दिशेस असावी. उलटी चढविलेली साखळी नुसती घासते आणि धूर काढते, आणि मालक यंत्र परत करावयास निघतो!

धारेविषयी लिहावे तितके थोडेच. धारदार साखळी आपण होऊन लाकडात उतरते व लाकडाच्या चिपा टाकते. बोथट साखळी पिठासारखा बारीक भुसा टाकते. चाळणीखालचा माल पाहून जसा आपण चाळणीचा दोष ओळखतो तसे या भुशावरून साखळीचे ओळखावे. बोथट साखळीने काम करणारा मनुष्य यंत्रावर अंगाचा भार टाकू लागतो, आणि पाते एकदम पार झाले की तोल जातो. आपल्याकडे रस्त्याकडेच्या व आवारातल्या जुन्या झाडांत जाहिरातींचे खिळे आणि कुंपणाच्या तारा हमखास रुतलेल्या असतात. कापण्यापूर्वी साल नीट पाहावी. एका खिळ्याने सबंध साखळीची धार जाते. मातीत टेकल्यानेही तेच होते.

धार लावण्यास गोल कानस लागते, आणि तिचा व्यास साखळीच्या मापाप्रमाणे असावा लागतो. लहान यंत्रांवरील कमी उंचीच्या तीन-अष्टमांश इंच साखळीस बहुधा ४ मिलिमीटरची, व ०.३२५ इंची साखळीस ४.८ मिलिमीटरची कानस चालते. तरी साखळीच्या खोक्यावर लिहिलेले पाहूनच घ्यावी. कानशीबरोबर मार्गदर्शक पट्टी मिळते, तिच्यावर कोनाच्या रेघा असतात. पुष्कळ साखळ्यांस ३० अंशांचा कोन असतो. इंजिन बंद करावे, पाते शिकंज्यात घट्ट धरावे, ब्रेक लावावा म्हणजे साखळी हलत नाही. दाताच्या आतून बाहेर अशीच कानस ढकलावी. परत येताना ती उचलून आणावी, घासत आणू नये. कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहावा. सर्वांत अधिक झिजलेला दात प्रथम शोधावा आणि बाकीचे त्याच्या मापाचे करावेत. आधी एका बाजूचे सर्व, मग दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकास सारखेच घाव. डावे दात आखूड व उजवे लांब राहिले तर पाते लाकडात तिरके जाते व अडकते. दर टाकीमागे दोन-तीन घाव दिले तर पुरे होते. अगदी बोथट होईपर्यंत थांबले की तासभर मोडतो. दाताची लांबी सुमारे ४ मिलिमीटर उरली, किंवा दातास चीर दिसली, की साखळी मोडीत काढावी.

प्रत्येक दाताच्या पुढे एक लहान गोलसर उंचवटा असतो, त्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. दाताने एका वेळी किती खोल लाकूड घ्यावे हे तो उंचवटा ठरवितो. तो दाताच्या धारेहून थोडासा, म्हणजे बहुतेक साखळ्यांत ०.६५ मिलिमीटर, खाली असतो. धार लावून लावून दात खाली आला की हे अंतर कमी होते व साखळी कापीनाशी होते; तेव्हा चारपाच वेळा धार लावल्यावर मापाची पट्टी ठेवून उंचवटा चपट्या कानशीने अगदी बेताने घासावा. परंतु ‘भराभर कापावे’ म्हणून तो अधिक घासणे घातक आहे. दात अधिक घास घेतो, यंत्र थरथरते आणि उसळीचा संभव पुष्कळ वाढतो. काही धार लावणारे कारागीर गिऱ्हाइकास खूश करण्यासाठी असे करून देतात. त्यांस आम्ही कारागीर म्हणणार नाही.

पाते दर वेळी उलटून बसवावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाचेतील मळ पातळ पत्र्याने खरवडावा, कडेस बुर आली असेल तर चपट्या कानशीने काढावी. साखळी फिरविणारे दातेरी चक्र दोन साखळ्यांमागे एकदा बदलावे. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी घालणे म्हणजे नवे धान्य जुन्या किडक्या कणगीत ओतणे होय.

हवेची गाळणी भुशाने चोंदली की इंजिनास हवा कमी पडते, पेट्रोल अधिक जळते व धूर येतो. लोक मग लगेच कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. आधी गाळणी काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, मग पाहावे. प्लगच्या दोन टोकांतील अंतर बहुधा अर्धा मिलिमीटर असते. त्याचा रंग फिकट तपकिरी असला म्हणजे मिश्रण ठीक. काळा असेल तर गाळणी किंवा तेलाचे प्रमाण पाहावे. पांढरा पडला असेल तर इंजिन तापत आहे, ते थांबवावे. सिलिंडरवरील पत्र्यांत अडकलेला भुसाही काढावा, कारण या इंजिनास वाऱ्यानेच थंडावा मिळतो.

कार्ब्युरेटरच्या तीन स्क्रूंपैकी घरी फिरवावयाचा एकच, तो रेस सोडल्यावरच्या गतीचा. रेस सोडली असता इंजिन चालू राहिले पाहिजे पण साखळी स्थिर राहिली पाहिजे. हा नियम मोडणारे यंत्र हाती धरू नये, कारण मनुष्य एका फांदीवरून दुसरीकडे पाऊल टाकतो तेव्हा त्यास साखळी थांबली आहे असेच वाटत असते. साखळी सरकत असेल तर हा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवावा. तरीही थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटली असण्याचा संभव असतो, ते मेकॅनिकचे काम. उरलेले दोन स्क्रू हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाचे. आवाज वाढतो म्हणून वरच्या वेगाचा स्क्रू आवळणाऱ्याने पिस्टनाचे पैसे तयार ठेवावेत.

यंत्र चालू करताना ते जमिनीवर ठेवावे, ब्रेक लावलेला असावा, डाव्या हाताने पुढची मूठ अंगठा खालून वळवून घट्ट धरावी, उजव्या पायाचे टोक मागच्या मुठीत ठेवावे आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. एका हातात लटकवून दुसऱ्याने दोरी ओढण्याची ऐट सिनेमापुरती ठेवावी. काम करताना दोन्ही हात, उजवा मागे व डावा पुढे, डावखुऱ्यानेही असेच; आणि अंग साखळीच्या रेषेत न ठेवता किंचित डावीकडे.

धोतर, लुंगी, गळ्यातला रुमाल, सैल बाह्या आणि चपला यांस येथे मज्जाव असावा. डोक्यास जाळीदार पडद्याचे शिरस्त्राण, कानांस बोंडे किंवा टोपणे कारण आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, पायांत जाड बूट. आणि मांड्यांवर या कामाची खास विजार किंवा आवरण. त्यातील लांब तंतू साखळीत ओढले जाऊन चक्रात गुंततात व साखळी जागीच थांबते. ही विजार पुष्कळदा स्वस्त यंत्राच्या निम्म्या किमतीस मिळते, म्हणून मंडळी ती घेत नाहीत. आमचे म्हणणे असे की ज्यास ती परवडत नाही त्याने यंत्र विकत न घेता शिकलेला, सामान असलेला मनुष्य भाड्याने बोलवावा. पुस्तिका घरातील शिकत्या मुलाने गड्यास त्याच्या भाषेत, मराठीत किंवा कानडीत, समोर यंत्र ठेवून वाचून दाखवावी. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि मुलासही ते कळेल.

काम संपल्यावर, विशेषतः यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर, टाकीतील मिश्रण डब्यात काढावे आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. मग यंत्र पुसून, साखळी व पाते काढून साफ करावे, त्यांस तेलाचा हात द्यावा आणि पात्यावर म्यान घालावे. ठेवण्याची जागा मुलांच्या हातास न लागणारी, कोरडी व कुलपाची असावी. वखारीत, धान्याच्या थप्पीजवळ मात्र हे यंत्र किंवा त्याचा डबा ठेवू नये. आगीचे भय तर आहेच, पण गहू-तांदूळ पेट्रोलचा वास ओढून घेतात, आणि एकदा लागलेला तो वास उन्हात पसरूनही सहजासहजी जात नाही.